मालात चुरस हवी, मापात नको

बाजारात दोन प्रकारच्या स्पर्धा असतात. पहिली मालाची. शेजारच्या दोन दुकानांपैकी कोणाचा तांदूळ चांगला, कोणाचा स्वस्त, यावर ती चालते आणि तिच्यातून गिऱ्हाइकाचे भले होते. दुसरी स्पर्धा मापाची. एका दुकानदाराचा शेर वेगळा, दुसऱ्याचा वेगळा आणि तिसऱ्याचा त्याहून वेगळा. या स्पर्धेत गिऱ्हाईक काहीही निवडत नाही, तो केवळ गोंधळतो. म्हणूनच तांदळाचा भाव बाजारावर सोपवणारी राज्येही वजनमापे बाजारावर सोपवीत नाहीत. आपल्याकडे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, तो याच विवेकातून.

हा विवेक संगणकाच्या क्षेत्रात आला की भले भले लोक विसरतात. लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या जगात गेली दहा वर्षे मापाची स्पर्धा चालू आहे आणि तिला स्वातंत्र्याचे गोंडस नाव दिले जात आहे. हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनीही दोन पाने सोबत करावी, अशी विनंती आहे. कारण या भांडणाचे बिल शेवटी सार्वजनिक कचेऱ्या, शाळा आणि सामान्य वापरकर्ते यांच्या नावे फाटणार आहे.

आधी वाद काय आहे ते पाहू. लिनक्स ही एकच वस्तू नव्हे. डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट अशी तिची अनेक वितरणे आहेत. प्रत्येक वितरण आपापल्या पद्धतीने सॉफ्टवेअरची, म्हणजे आज्ञावलींची, पॅकेजे बांधते. डेबियनच्या कुळात 'डेब' चालते, रेड हॅटच्या कुळात 'आरपीएम'. एखाद्या लेखकाने एक उपयुक्त आज्ञावली लिहिली, तर ती सर्व लिनक्स वापरकर्त्यांपर्यंत पोचवण्यासाठी त्याला प्रत्येक वितरणाच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे पुडके बांधावे लागते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीच २०१४ साली डेबियनच्या परिषदेत याबद्दल जाहीर त्रागा केला होता. पाणबुड्यांच्या नोंदी ठेवणारी आपली आज्ञावली विंडोज आणि मॅकसाठी बांधून देणे सोपे, पण लिनक्ससाठी मात्र जिकिरीचे, अशी त्यांची तक्रार होती. घरच्या धन्यालाच घरात शिरणे कठीण व्हावे, यापरते नवल ते काय!

या दुखण्यावर उपाय म्हणून 'सार्वत्रिक' पॅकेज आले. कल्पना चांगली होती. आज्ञावलीला लागणारे सर्व भाग एकत्र बांधायचे, म्हणजे ती कोणत्याही वितरणावर चालेल. पण सार्वत्रिक पॅकेज एक आले नाही, तीन आली. ॲपइमेज सर्वांत जुने. त्याचे मूळ २००४ च्या 'क्लिक' या प्रयोगात आहे. एक आज्ञावली म्हणजे एक फाइल. उतरवून घ्या, परवानगी द्या आणि चालवा. दुसरे स्नॅप, उबुंटूची मालक कंपनी कॅनॉनिकल हिचे. एप्रिल २०१६ च्या उबुंटू १६.०४ मध्ये ते आले आणि जूनमध्ये ते सर्व वितरणांसाठी असल्याची घोषणा झाली. तिसरे फ्लॅटपॅक. रेड हॅटमधील अलेक्झांडर लार्सन यांनी सुरू केलेल्या 'एक्सडीजी-ॲप'ला मे २०१६ मध्ये हे नाव मिळाले. अनेक मापांचा गोंधळ मिटवण्यासाठी आणखी तीन मापे आली आणि तिन्हींवर 'सार्वत्रिक' हाच शिक्का! जुनी 'डेब' आणि 'आरपीएम' तर कुठेच गेली नाहीत.

अशा स्थितीची किंमत काय असते हे आपल्या देशाला नव्याने शिकायचे कारण नाही. लॉर्ड डलहौसींच्या काळात भारतीय रेल्वेसाठी १६७६ मिलिमीटरचे रुंद माप ठरले. १८७० च्या दशकात खर्च वाचवण्यासाठी मीटर माप आले, पुढे त्याहून अरुंद मापेही आली. यातला प्रत्येक निर्णय त्या त्या जागी शहाणपणाचाच होता. पण शहाण्या निर्णयांची बेरीज शहाणी निघेल याची शाश्वती नसते. मिरज स्थानकात एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते. महाराष्ट्रातून कर्नाटकात नोकरीला गेलेल्या मागच्या पिढीला मिरजेला उतरून, सामान उचलून, बंगळूरची मीटरमापी गाडी पकडणे चांगलेच आठवत असेल. माल एका वाघिणीतून उतरवायचा आणि दुसरीत चढवायचा. वेळ जायचा, माल फुटायचा, हमाली लागायची. रेल्वेच्या हिशेबात त्या मापाची 'स्वस्ताई' दिसत होती, हमाली मात्र दुसऱ्याच्या खिशातून जात होती. अखेर १९९२ साली एकमापी प्रकल्प हाती घेऊन हे रूळ उखडून पुन्हा टाकण्याचे प्रचंड खर्चाचे काम देशाला करावे लागले.

लिनक्सच्या मेजावरची हमाली आज कोण करतो? तीन प्रकारची पुडकी बांधणारा, बहुधा विनावेतन काम करणारा आज्ञावलीचा लेखक करतो. एकच न्याहाळक तीन मार्गांनी आला की त्यांतला कोणता अद्ययावत आहे हे शोधणारा कचेरीतील संगणक-सहायक करतो. आणि जुन्या संगणकाची तबकडी करते. कारण प्रत्येक पद्धत आपापले आधारभूत भाग वेगळे आणते, आणि ते भाग काहीशे मेगाबाइटांचे असतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य संगणक चालू स्थितीत असूनही बाद ठरू लागले आहेत. या संगणकांना लिनक्स हे जीवदान ठरू शकते. ऐन त्याच वेळी लिनक्सच्या दारात आलेल्या नवख्याला पहिला प्रश्न पडतो, "यातले कोणते घेऊ?" आणि तीन पंथांचे तीन पुजारी त्याला तीन दिशांना ओढतात. दाराशी झालेली ही ओढाताण पाहून तो आल्या पावली परत गेला, तर दोष कोणाचा?

आता या स्पर्धेच्या समर्थकांचे म्हणणे घेऊ.

पहिले म्हणणे असे की, विविधता हाच मुक्तस्रोताचा आत्मा आहे. निवड काढून घेणे म्हणजे हुकूमशाही. हे वाक्य ऐकायला छान आहे. पण निवड खरोखर कोण करतो ते पाहा. उबुंटू २०.०४ मध्ये क्रोमियम न्याहाळकाचे नेहमीचे पॅकेज मागितले तरी हाती स्नॅपच येत असे. पॅकेजच्या नावाखाली होती ती केवळ रिकामी पिशवी. २२.०४ मध्ये फायरफॉक्सचेही तेच झाले. वापरकर्त्याने मागितले एक, दिले गेले दुसरे. याचा निषेध म्हणून लिनक्स मिंटने २०२० मध्ये स्नॅपची यंत्रणा आपोआप बसणारच नाही अशी तजवीज केली. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरले की उबुंटूच्या अधिकृत भावंड-वितरणांनी फ्लॅटपॅक मुळात बसवून देऊ नये. म्हणजे एकाने दार लावले, दुसऱ्याने खिडकी लावली. या सर्वांत वापरकर्त्याला कोणी विचारले? ही निवड नसून हद्दीची भांडणे आहेत. वितरकाने आधीच बसवून दिलेली गोष्ट शंभरातले बहुसंख्य लोक बदलत नाहीत, हे वितरकाला पक्के ठाऊक असते.

दुसरे म्हणणे असे की, बाजाराला ठरवू द्या; जे उत्तम ते टिकेल. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि बाजारावर माझा राग नाही. पण ज्या वस्तूची किंमत ती वापरणाऱ्यांच्या संख्येवर ठरते, तिच्या बाजारात उत्तम तेच जिंकते असा नियम नाही. तिथे आधी पाय रोवणारा जिंकतो, किंवा कोणीच निर्णायक जिंकत नाही आणि सर्वजण खर्च करत राहतात. लिनक्सच्या पॅकेजांत आज हा दुसरा प्रकार आहे. दहा वर्षे हा पुरेसा अवधी आहे. जो सामना दहा वर्षांत निकाली निघत नाही, तिथे पंचाची गरज असते.

तिसरे म्हणणे सुरक्षिततेचे आहे. नव्या पद्धतींत आज्ञावलीला कुंपण घातले जाते, तिला घरभर फिरू दिले जात नाही, म्हणून त्या हव्यात. हे तत्त्वतः खरे आहे. पण स्नॅपचे पूर्ण कुंपण ॲपआर्मर या यंत्रणेवर अवलंबून आहे. ती नसलेल्या वितरणांवर तेच कुंपण अर्धवट राहते. फ्लॅटपॅकमध्येही अनेक आज्ञावली वापरकर्त्याच्या सर्व फायलींची परवानगी मागून घेतात, म्हणजे कुंपण घालून फाटक उघडे ठेवल्यासारखे. ॲपइमेजला तर मुळात कुंपणच नाही. शिवाय कुंपणाहून मोठा प्रश्न भांडाराच्या राखणीचा आहे. २०१८ मध्ये स्नॅपच्या भांडारात एका खेळाच्या आडून आभासी चलन खणणारी आज्ञावली सापडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'एक्झोडस' या नावाने आलेल्या बनावट पाकिटाने एका वापरकर्त्याचे सुमारे ९ बिटकॉइन नेले. लुटारूने कुंपण ओलांडलेच नाही. मालकाने विश्वासाने किल्ली त्याच्या हाती दिली, कारण दुकानाच्या पाटीवर भरवसा होता.

इथे आपण या वादाच्या गाभ्याशी येतो. हा झगडा वरवर पॅकेजांचा दिसतो, पण खरा प्रश्न आहे तो दुकानाच्या किल्लीचा. स्नॅप बसवणारी आज्ञावली मुक्तस्रोत आहे, परंतु ज्या भांडारातून स्नॅप येतात त्याच्या सर्व्हरची आज्ञावली बंद आहे आणि ते भांडार कॅनॉनिकलच्या ताब्यात आहे. मोठ्या संस्थांना त्या भांडाराचा आपला कप्पा मिळू शकतो, पण तोही त्याच मालकाच्या छताखाली. फ्लॅटपॅकचे तसे नाही. त्याचे सर्वांत मोठे भांडार फ्लॅटहब. तरीही ज्याला हवे त्याने आपले स्वतंत्र भांडार उभारावे, कोणाच्या परवानगीची गरज नाही. फेडोराचे असे वेगळे भांडार आहेच. कोणी म्हणेल, फ्लॅटपॅकही रेड हॅटच्या अंगणात वाढले आणि रेड हॅट २०१९ पासून आयबीएमची आहे, मग फरक काय? फरक असा की मूल कोणत्या घरात जन्मले हे महत्त्वाचे नसते. ते घर सोडून जाऊ शकते की नाही, हे महत्त्वाचे असते.

नूतनीकरणाचेच उदाहरण घ्या. स्नॅपची यंत्रणा दिवसातून चार वेळा नव्या आवृत्तीची चौकशी करते आणि ती आपोआप बसवते. घरगुती वापरात हे सोयीचे आहे. पण परीक्षेच्या दिवशी किंवा अर्थसंकल्पाच्या आठवड्यात कोणती आवृत्ती चालू राहील हे कचेरीने ठरवायचे की परदेशातील एका कंपनीच्या सर्व्हरने? नूतनीकरण बेमुदत थांबवण्याची सोय स्नॅपमध्ये आली ती २०२२ च्या अखेरीस, म्हणजे वापरकर्त्यांनी सहा वर्षे कंठशोष केल्यावर.

याच्याशी ताडून पाहा आपल्याच देशात त्याच महिन्यात काय घडत होते. ११ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय देयके महामंडळाने यूपीआयचा प्रारंभ केला. तिथे माप एक ठरवले आणि त्यावर दुकाने कितीही उघडण्यास मुभा ठेवली. एका बँकेचा खातेदार दुसऱ्याच कंपनीच्या ॲपमधून तिसऱ्या बँकेत पैसे पाठवतो, मधे कोणी त्याला "हे आमच्या पेटीतले नाही" असे म्हणत नाही. या व्यवस्थेवरही दोन कंपन्यांचा मोठा पगडा बसला, हे खरे. पण उद्या त्या कंपन्या नकोशा झाल्या तर खातेदार ॲप बदलतो, बँक बदलावी लागत नाही.

एकच माप ठेवले तर नवे काही घडणार नाही, ही भीतीही तपासून पाहू. मराठी वाचकाला यासाठी दूर जायला नको. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक देवनागरी टंकाची आतली संकेतरचना वेगळी होती. 'इस्की' हे मानक १९९१ साली कागदावर आले तरी बाजारात ज्याचा त्याचा खाक्या चालूच राहिला. पुण्याहून पाठवलेले मराठी पत्र दिल्लीच्या संगणकावर उघडले की चिन्हांचा उकिरडा दिसायचा, आणि घरापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाने तो अनुभव पुरेपूर घेतला आहे. तेव्हाही विक्रेते विविधतेचेच गोडवे गात होते. युनिकोड आल्यावर काय झाले? टंकांची निर्मिती थांबली का? उलट मुक्त परवान्याचे अनेक सुंदर देवनागरी टंक त्यानंतर आले, कारण आता कारागिराला वळणावर लक्ष देता आले, संकेतांच्या भिंती बांधण्यात त्याची शक्ती वाया गेली नाही. माप स्थिर झाले की मालाची चुरस वाढते, कमी होत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. लिनक्सजगताने हा प्रयत्न पूर्वी केला होता. 'लिनक्स स्टँडर्ड बेस' नावाचे मानक २००१ साली निघाले, २००६ साली त्याला आयएसओचा क्रमांकही मिळाला. त्याने 'आरपीएम' हे माप ठरवले होते. २०१५ मध्ये डेबियनने त्याचा पाठिंबा जवळजवळ सोडून दिला आणि ते मानक कपाटात गेले. मग आता नवे काय? माझे उत्तर असे की, ते मानक समितीने लिहिले, पण कोणत्याही मोठ्या खरेदीदाराने ते मागितले नाही. विक्रेत्यांनी एकत्र बसून ठरवलेले माप विक्रेत्यांच्या सोयीपुरते टिकते. माप टिकते ते घेणारा अडून बसतो तेव्हा. आणि या बाजारात अडून बसण्याएवढा मोठा घेणारा एकच आहे, तो म्हणजे सरकार.

हे सरकारचे काम आहे काय, असे विचारणाऱ्यांना आपल्याच धोरणांची आठवण करून द्यावीशी वाटते. ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्र सरकारने २०१० साली जाहीर केले. विशिष्ट कामासाठी एकच आणि स्वामित्वशुल्कमुक्त मानक असावे, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. २०१५ च्या धोरणाने मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य दिले. सी-डॅकची 'बॉस' ही डेबियनवर आधारलेली प्रणाली २००७ पासून आहे. केरळच्या सरकारी शाळांत उबुंटूवर आधारित प्रणाली चालते आणि २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूच्याच पायावरची 'माया' स्वीकारल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे एका परदेशी कंपनीने न्याहाळकाचे पॅकेज बदलले, तर त्याचे पडसाद आज ना उद्या आपल्या शाळेत आणि कचेरीत उमटू शकतात. प्रणाली मुक्त घ्यायची आणि तिचा दरवाजा दुसऱ्याच्या हाती सोपवायचा, हे धोरणाच्या शब्दाला धरून असेल. आशयाला धरून नाही.

टीका केली की पर्याय सांगणे हे टिपणी लिहिणाऱ्याचे कर्तव्य असते. म्हणून पाच सूचना मांडतो.

(१) सार्वजनिक खरेदीतील लिनक्स मेजसंगणकांसाठी आज्ञावलींचे एकच माप ठरवावे, आणि ते फ्लॅटपॅक असावे. ते निर्दोष आहे म्हणून नव्हे. त्याची बांधणी, बसवणूक आणि भांडार ही तिन्ही अंगे खुली आहेत म्हणून. सर्व्हर आणि छोट्या उपकरणांसाठी स्नॅप काही बाबतींत अधिक सोयीचे आहे; तिथे हा आग्रह नको.

(२) फ्लॅटहबवरून थेट उचल न करता सरकारने स्वतःचे भांडार चालवावे आणि तपासलेल्या आज्ञावलीच त्यात ठेवाव्यात. आंतरजालाशी न जोडलेल्या कचेऱ्यांनाही त्यातून पुरवठा करता येईल.

(३) प्रत्येक पॅकेजवर जबाबदार व्यक्तीचे किंवा संस्थेचे नाव हवे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओबीएस या चित्रमुद्रणाच्या आज्ञावलीच्या लेखकांनी फेडोराच्या भांडारातील तिच्या सदोष फ्लॅटपॅकवरून कायदेशीर कारवाईचा इशारा दिला होता. वाद पुढे सामोपचाराने मिटला. पण माप एक झाले तरी माल कोणाचा हा प्रश्न उरतोच, हे त्याने दाखवले.

(४) ॲपइमेज अपवाद म्हणून, केवळ एकेकट्या कामांसाठी आणि स्वाक्षरी पडताळूनच वापरावे.

(५) स्वीकृतीच्या चाचणीत भारतीय भाषांची अट घालावी. कुंपणातल्या आज्ञावलीला बाहेरच्या टंकांशी आणि कळफलकाच्या यंत्रणेशी जोडण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते. ती सदोष असेल तर इनस्क्रिप्टने मराठी लिहिणारा लिपिक अडतो आणि इंग्रजी लिहिणाऱ्याला काही जाणवतही नाही. आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांत लिहून पाहिल्याशिवाय कोणतेही पॅकेज भांडारात घेऊ नये.

दर पाच वर्षांनी या निर्णयाचा फेरविचार व्हावा, हेही त्यात लिहून ठेवावे. मापही अजरामर नसते. शेर गेला, किलो आला. पण बदल करायचा तर तो एकदा, सर्वांसाठी, तारीख जाहीर करून करावा. रोज सकाळी प्रत्येक दुकानात वेगळे माप दिसू लागले तर त्याला सुधारणा म्हणत नाहीत.

स्नॅप लिहिणारे अभियंते हुशार आहेत आणि फ्लॅटपॅकवालेही. त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी उत्तमोत्तम आज्ञावली कराव्यात, एकमेकांना मागे टाकावे, त्यात आपणा सर्वांचा लाभ आहे. त्यांनी ही चुरस मालात करावी. माप ठरवण्याचा अधिकार मात्र ज्याला माल घ्यायचा आहे त्याचा आहे, आणि दहा वर्षे तो न वापरता बसून राहणे हीदेखील एक प्रशासकीय कृतीच असते. तिचा खर्च कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही, इतकेच.